बहिणीला किडनी दिल्यावर शेतीकाम जमतं का? घरचे म्हणतात, ते तिच्या सासरच्यांनी बघावं.

काम जमतं. मी करतोय. पण मला लागलं ते तुमच्या घरच्यांचं दुसरं वाक्य.

माझं गाव अमळनेर तालुक्यात, ताई दिली शिरपूरकडे. २०१७ च्या आखाजीला ती माहेरी आली ती सुजलेले पाय घेऊन. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. धुळ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. सगळ्यांच्या ताटात पुरणपोळी आणि रस, तिला आंबा बंद, पोटॅशियम वाढतं म्हणून. पाणीसुद्धा मोजून. भर उन्हाळ्यात ती घोटभर पाणी तोंडात घोळवायची आणि थुंकून टाकायची. सणाला आलेली पोर!

दाजी पहिल्या दिवसापासून किडनी द्यायला तयार होते. रक्तगट जुळला, पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, म्हणजे ताईचं रक्त त्यांच्या पेशींवर हल्ला करत होतं, त्यांची किडनी चालणार नव्हती. बाळंतपणात बाईच्या शरीरात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज तयार होऊ शकतात, ताईचं तेच झालं होतं. गावाने मात्र ठरवून टाकलं की दाजी घाबरले. तो माणूस रिपोर्ट हातात धरून माझ्यासमोर रडलाय. आईला शुगर. राहिलो मी.

काका ओट्यावर बसून म्हणाले, "पोर दिधी ना त्यासले, आते त्या बघतीन. तू कसाले मरस?"

वडील गेल्यावर याच काकांनी ताईला साडी नेसवून हक्कसोडीच्या सहीला बोलावलं होतं. तेव्हा ती 'आपल्या घरची पोर' होती. ती जमीन आज माझ्या नावावर आहे, माझा कापूस तिच्यातच उभा असतो. सही घेताना घरची आणि किडनी द्यायची वेळ आली की परकी? काकांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. तुमच्या घरातही कुणी हे बोलत असेल तर त्याला आधी सातबारा दाखवा.

ऑपरेशन नाशिकला झालं, दुर्बिणीतून. डावी किडनी घेतली, तिची शीर लांब असते म्हणून. तिसऱ्या दिवशी भिंत धरत ताईच्या खोलीपर्यंत गेलो. आत सोडत नव्हते, काचेतूनच बघितलं. तिने मला बघून लघवीची पिशवी बोटाने दाखवली. भरलेली होती. कित्येक महिने तिला धड लघवी झाली नव्हती. दोघं काचेच्या दोन बाजूंना रडत होतो.

आता कामाचं. दीड महिना जड उचलायचं नाही. मी फवारणीचा पंप तीन महिने पाठीला लावला नाही, त्या हंगामाला सालदार ठेवला. उरलेली किडनी हळूहळू मोठी होते आणि आधी दोघी मिळून करायच्या त्याच्या साधारण ७० टक्के काम एकटी करते. अंग दुखलं की मेडिकलवरून ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून खायची सवय मात्र कायमची सोडा. दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. कागदपत्रांचं म्हणाल तर १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात सख्खा भाऊ जवळचा नातेवाईक धरला जातो. चुलतभाऊ किंवा मेहुणा असता तर अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीची मंजुरी लागली असती.

हे आधीच लिहायला हवं होतं: तुम्हाला स्वतःला बीपी किंवा शुगर असेल तर हट्ट धरू नका. ऑपरेशनला धोका असतोच, थोडा का होईना. मनातून नसेल तर तपासणीत एकट्याला विचारतात तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नवी किडनी जन्मभर पुरेलच असंही नाही, ताईला रोजच्या गोळ्या आहेतच.

आणि बहिणीला विचारलंत का? माझी दोनदा नाही म्हणाली. "तुझी लेकरं लहान आहेत," एवढंच बोलायची. शेवटी दाजींनी आणि मी मिळून तिला गाडीत बसवलं.