कराचीचा शिक्का आणि दाबोळीचं विमान

या महिन्यात विमानांवरचे दोन प्रश्न एकदम आले. दोन्ही गोव्यातूनच, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न : आमच्या शेजारचे काका सांगतात की पूर्वी पाण्यावर उतरणारी विमानं हिंदुस्थानात यायची. मग ती आमच्या मांडवीत उतरायची का?
– एक विद्यार्थी, रायबंदर

उत्तर : काका बरोबर सांगतात. 1930 च्या दशकाच्या शेवटी इम्पीरियल एअरवेजच्या मोठ्या फ्लाइंग बोटी इंग्लंडहून कराचीला यायच्या आणि पुढे राजस्थानातला राजसमंद तलाव, ग्वाल्हेरचा माधोसागर, अलाहाबादला यमुना असं पाण्यापाण्यावरून उतरत कलकत्त्याला हुगळीत पोचायच्या. गोवा मात्र त्या मार्गावर नव्हता. पाणी कशासाठी, तर जड विमानाला लांब, कडक धावपट्टी लागते आणि ती जागोजाग कोण बांधणार, तलाव आणि नद्या आयत्या होत्या. तरी कामं कमी नव्हती हं. विमान यायच्या आधी लाँच फिरवून बघायचं की मध्ये एखादी होडी किंवा तरंगणारा ओंडका तर नाही ना, कारण त्या वेगात साधं लाकूड आपटलं तरी विमानाच्या तळाला भोक पडणार.

प्रश्न : सर नमस्कार. चवथीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत आजीच्या नावाचा एक लखोटा सापडला, फोटो पाठवतेय. आजीचा भाऊ आफ्रिकेत लोरेन्सो मार्किसला, म्हणजे आताच्या मापुतोला, नोकरीला होता, त्याने 1957 साली पाठवलेलं पत्र आहे. पण मागे शिक्का कराचीचा! मुंबई इथून एवढी जवळ, मग पत्र कराचीला कसं गेलं? चुकून गेलं का? आणि हा लखोटा जपायचा कसा?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, फोटो बघून मला खरंच भरून आलं. पत्र वाट चुकलेलं नाही, 1957 साली गोव्याची वाटच कराचीवरून जायची. पण हे नीट समजायला थोडं मागे जाऊया, कारण हवाई मार्ग म्हणजे नकाशावर फूटपट्टी ठेवून मारलेली रेघ असं आपल्याला वाटतं आणि तसं ते कधीच नव्हतं.

मार्ग आखणाऱ्याला पहिला प्रश्न पडायचा टाकीचा. विमान एका दमात किती जाणार आणि उतरल्यावर तिथं पेट्रोल कोण आणून देणार? 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा टपालाची थैली घेऊन कराचीहून पुस मॉथ या इवल्याशा विमानातून निघाले, अहमदाबादला उतरले तर पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! ते टाकीत ओतले आणि मग मुंबईला जुहूवर. आणि जुहूची पट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची, त्यामुळे पावसाचे महिने सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याला हलवावा लागायचा. भाडं भरणारे प्रवासी जवळजवळ नव्हतेच, पैसा यायचा तो टपालाचा, म्हणून जिथून टपाल जास्त तिथून मार्ग.

वाळवंटात तर खाली खुणेला काहीच नाही. कैरो-बगदाद टपाल इंग्रजांच्या वायुदलाने 1921 मध्ये सुरू केलं तेव्हा वैमानिकांना वाट दिसावी म्हणून मैलोन्मैल नांगराने तास मारून ठेवलं होतं! आपण भातासाठी शेतात मारतो ना, तसंच तास, आणि वैमानिक मान बाहेर काढून ते शोधत शोधत जायचे. पुढे हाच मार्ग इम्पीरियल एअरवेजने चालवायला घेतला. वाटेत इराकमध्ये रुतबा म्हणून ठिकाण, तिथं विहिरी आणि एक किल्ला, त्या किल्ल्यातच पेट्रोल, वायरलेस आणि प्रवाशांचं जेवणखाण.

पण टाकीपेक्षाही अवघड गोष्ट होती परवानगी, आणि तुमच्या लखोट्याचं उत्तर इथंच आहे.

लंडन-कराची सेवा 30 मार्च 1929 ला सुरू झाली ती इराणच्या किनाऱ्याने, बुशेर, जास्क असे थांबे घेत. इराण सरकारला ते पसंत नव्हतं, 1932 मध्ये तो रस्ता बंद झाला. मग काय, अख्खा मार्ग उचलून आखाताच्या पलीकडच्या अरबी किनाऱ्यावर न्यावा लागला. तिकडे शारजाच्या शेखांशी बोलणी करून, स्थानिक विरोध असताना, जुलै 1932 मध्ये करार झाला आणि उतरण्याच्या जागेचं भाडं ठरलं महिन्याला 800 रुपये. रुपयेच, कारण त्या किनाऱ्यावर तेव्हा आपलाच रुपया चालायचा. प्रवाशांना रात्री राहायला किल्ल्यासारखं विश्रामगृह आणि वर पहारेकरी, आणि पहिलं मोठं विमान उतरलं त्याच ऑक्टोबरमध्ये, टाटा जुहूला उतरले तो महिना. एका देशाने नाही म्हटलं की दुसऱ्या किनाऱ्यावर नवीन गाव वसायचं, मला या सगळ्या इतिहासात हे सगळ्यात मोठं वाटतं.

आता गोवा. 1935 मध्ये टाटांनी मुंबई-त्रिवेंद्रम सेवा सुरू केली आणि ती गोवा आणि कण्णूरला थांबत जायची. म्हणजे मुंबई-गोवा हवाई वाट तुमच्या पत्राच्या वीसेक वर्षं आधी होऊन गेलेली होती! हवाई अंतर जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर. पोर्तुगालचं लक्ष मात्र आफ्रिकेकडे, त्यांची लिस्बन-लुआंडा-लोरेन्सो मार्किस लाइन 1946 च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली, डकोटा विमान, 12 थांबे, जाऊन-येऊन 15 दिवस.

मग 1954 उजाडलं, दादरा-नगर हवेली मुक्त झाली, भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, 15 ऑगस्ट 1955 ला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर कॅसलरॉकहून येणारी रेल्वेही थांबली. जमिनीवरून वाट नाही, भारतावरून उडायचीही सोय नाही, कारण आपल्या जमिनीवरचं आकाश ज्या त्या देशाचं हे 1944 च्या शिकागो करारात स्पष्ट लिहिलेलं. तेव्हा पोर्तुगीजांनी 1955 मध्ये दाबोळीच्या पठारावर विमानतळ सुरू केला आणि गोव्याची स्वतःची विमान कंपनी काढली, त्रान्सपोर्तेस आएरियोस दा इंदिया पोर्तुगेजा, म्हणजे टी.ए.आय.पी. सुरुवातीला हेरॉन, वायकिंग असली छोटी विमानं, नंतर चार इंजिनांचं डीसी-4.

नकाशा काढून बघा ताई. दाबोळीवरून निघायचं ते सरळ समुद्रावर, किनारा उजव्या हाताला लांब ठेवून वर दमण नाहीतर दीव, आणि पुढे कराची. दाबोळी-कराची सरळ धरलं तरी साडेबाराशे किलोमीटरच्या पुढे, सगळं पाणीच पाणी, खाली ना गाव ना नदी, आणि वाऱ्याने विमान किती बाजूला सरकलं ते हिशेबाने काढायचं. पाकिस्तानने उतरू दिलं म्हणून हा मार्ग जगला. कराचीला जगभरची विमानं यायची, त्यामुळे आफ्रिकेचं, लिस्बनचं टपाल तिथं या विमानात चढायचं. तुमच्या मामेआजोबांचं पत्रही असंच आलं असणार.

निव्वळ धंदा म्हणून बघितलं तर असा मार्ग कोणी आखला नसता, तो राजकारणाने आखला, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे सगळं आवडीने सांगताना त्याच दिवसांत आग्वादच्या तुरुंगात आपली माणसं होती हे मी विसरत नाही. तरी कराचीत गोंयकारांची केवढी वस्ती होती, आफ्रिकेत घरोघरचं कोणी ना कोणी होतं, त्यांच्यासाठी ही एकच दोरी शिल्लक होती.

ती तुटली 18 डिसेंबर 1961 ला. भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, इमारती मात्र वाचवल्या. त्या रात्री उरलेल्या तुकड्यावरून दोन प्रवासी विमानं कशीबशी उडाली, त्यातलं एक टी.ए.आय.पी.चंच डीसी-4, आणि दोन्ही गेली कुठं तर कराचीलाच.

आता जपायचं कसं ते. तिकीट सोलून काढू नका, पाण्यात तर अजिबात भिजवू नका, लखोटा अख्खा असण्यातच सगळं आहे. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. आपल्याकडच्या दमट हवेत ट्रंकेत परत ठेवलात तर बुरशी धरेल, त्यापेक्षा सुक्या कपाटात, साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा आणि आधी दोन्ही बाजू स्कॅन करून घ्या. आतलं पत्र आजीच्या भावाच्या अक्षरातलं असेल तर घरात ज्यांना त्यांची आठवण आहे त्यांच्याकडून ते एकदा मोठ्याने वाचून घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. आणि शिक्क्यावरची तारीख फोटोत पुसट आलीय, उजेडात तिरका धरून अजून एक फोटो पाठवाल का? पत्र टाकल्याची तारीख आणि कराचीची तारीख जुळवली की कळेल, कराचीपर्यंत यायला त्याला किती दिवस लागले.