मुंडगोडच्या तिबेटी मुलांना जन्मानं भारतीय नागरिकत्व मिळतं का?

थंडीत बेळगावात स्वेटर विकणारा मुंडगोडचा (कर्नाटकातल्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीतला) पोरगा भारतीय नागरिक आहे का, असं विचारलंय ना? सगळं जन्मतारखेवर आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला, आईवडील परके असले तरी, जन्मानंच भारतीय (राजदूतांची मुलं वगळून). सरकार तिबेट्यांना हे लागू करायला तयार नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ते मान्य करायला लावलं. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील भारतीय हवेत. डिसेंबर २००४ पासून तर दुसरा पालकही बेकायदा स्थलांतरित नको. म्हणजे पोरगा २००३चा आणि आई १९८५ला मुंडगोडातच जन्मलेली असेल, तर तो भारतीयच. कन्नड-मराठी आपल्यासारखी बोलतो, त्याला कायद्यात किंमत नाही. आधी आईचा जन्मदाखला शोधायला सांगा.