थंडी आहे पण धुकं नाही, असं का? तुमचे प्रश्न

या वेळी जवळपास सगळेच प्रश्न धुक्याचे आलेत, त्यातले पाच घेतोय.

परवा कडाक्याची थंडी होती पण धुकं अजिबात नाही, आणि त्याआधी थंडी कमी असून समोरचं झाड दिसत नव्हतं. हे उलटं कसं? (सातारा)

उलटं नाहीये, नुसत्या थंडीने धुकं पडत नाही, हवेत वाफ किती आहे ते आधी बघायचं. 20 अंशाला एक घनमीटर हवेत साधारण 17 ग्रॅम वाफ मावते, 10 अंशाला जेमतेम 9. म्हणजे संध्याकाळची दमट हवा रात्रीत गार होत गेली की एका टप्प्याला वाफ मावेनाशी होते, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात, आणि मग धुळीच्या, धुराच्या बारीक कणांवर पाणी जमायला लागतं, तेच धुकं. परवाची हवा बहुतेक कोरडी असणार, तिचा दवबिंदूच इतका खाली की पारा उतरूनही तिथवर पोचला नाही.

शिवाय आभाळ निरभ्र लागतं, ढग असले की ते गोधडीसारखे जमिनीची ऊब धरून ठेवतात. आणि वारा! जोराचा असला तर वरची कोरडी हवा खाली मिसळून धुकं मोडतं, पण अगदीच पडला तर गारवा जमिनीलगतच राहतो आणि नुसतं दव पडतं. झुळूक हवी, तीही नेमकी. इतकं सगळं एका रात्रीत जुळावं लागतं म्हणून तर अंदाज देणं अवघड जातं.

पहाटे पाचला बाग स्वच्छ दिसते आणि दिवस उगवला की धुई दाटते. ऊन आल्यावर जायला पाहिजे ना? (नाशिक, द्राक्षबाग)

जाते, पण लगेच नाही. एकतर सगळ्यात गार वेळ पहाटे पाच नाही, सूर्योदयाच्या आसपासची असते. त्यात पहिलं कोवळं ऊन पानांवरच्या दवाची वाफ करतं, हवा जराशी हलायला लागते आणि तो ओलावा वरच्या गार हवेत मिसळला की धुई अजून दाटते. जमीन तापली की मग ती खालून विरायला लागते. तुमच्यासाठी खरा मुद्दा पानं किती तास ओली राहिली हा, कारण डाऊनी या बुरशीच्या रोगाला तोच ओलावा लागतो, म्हणून धुई कधी उठली आणि पानं कधी सुकली हे रोज वहीत लिहून ठेवाच.

पावसाळ्यात आंबोलीला असतं ते धुकं की ढग? (पुणे)

दोन्ही. समुद्रावरची दमट हवा घाट चढते, वर दाब कमी म्हणून पसरते आणि पसरली की गार होते. सावंतवाडीतून बघणाऱ्याला तो ढग, आत उभं असलेल्याला धुकं. एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर हवामानवाले त्याला धुकं म्हणतात.

गावी दहा वाजता धुकं गायब होतं, इथे दिवसचे दिवस हटत नाही. (दिल्लीतून)

तिकडे सगळंच जुळून येतं हो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पावसाळी प्रणाली, पाऊस देऊन जातो, मग आभाळ मोकळं, गव्हाला पाणी दिलेलं, वारा मंद, रात्र आपल्यापेक्षा लांब आणि वर शहरांचा धूर. थर एकदा जाड झाला की ऊन वरच्यावर परत फिरतं, जमीन तापतच नाही, मग धुकं उठणार कसं? याचाच अभ्यास आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2015च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर सुरू केला, मला त्याचा फार अभिमान वाटतो.

धुक्यात गाडीचा लाईट अप्पर ठेवायचा की डिम? (कोल्हापूर)

डिमच! अप्परचा उजेड थेंबांवर आपटून परत तुमच्याच डोळ्यांत येतो, समोर नुसती पांढरी भिंत. फॉग लॅम्प असेल तर लावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय कळत नाही. डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून हळू चला आणि थांबायचंच झालं तर रस्त्याच्या कडेला नको, पंप किंवा ढाबा बघून गाडी पूर्ण आत घ्या.