हातशिलाईच्या वेळचे अल्बम : वाचकांचे प्रश्न

जगभरातल्या अल्बमबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं बरीच आली. नव्या वाचकांसाठी सांगते, मी गाणं शिकलेली नाही. बेळगावात शहापूरला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दिवसभर मशीन चालतं तेव्हा काही ऐकू येत नाही. संध्याकाळी मशीन बंद करून तुरपाई, हुक, काजं करायला बसते, तेव्हा एक अल्बम लावते आणि शेवटपर्यंत ऐकते. खाली लिहिलेली मतं त्या ऐकण्यातून झालेली आहेत.

प्रश्न : ताई, मी खानापूरला बी. ए.ला आहे. मित्रानं सेझारिया एव्होराचा ‘मिस परफुमादो’ पाठवला. आवाज फार आवडला, पण शब्द एकही कळत नाही. मग हे अर्धंच ऐकणं झालं नाही काय?

नाही झालं. आपण सीमेवरची माणसं, पूर्ण न कळणाऱ्या भाषेतलं गाणं लहानपणापासून आपल्या कानावर पडत आलंय. माझ्या आईला कन्नड बाजारापुरतं यायचं, भाजीचा भाव करायला आणि बस कुठली ते विचारायला. पण धारवाड आकाशवाणीवर मल्लिकार्जुन मन्सूरांचं वचन, म्हणजे कन्नड संतांचं पद, लागलं की ती हातातलं काम बाजूला ठेवायची. शब्द दोन-चार कळत असतील, बाकीचं सगळं तिला मन्सूरांच्या आवाजातून मिळायचं. आणि कुमार गंधर्वांचं सुळेभावी आपल्यापासून किती लांब आहे? घरची भाषा कन्नड असलेला हा माणूस देवासला गेला, माळव्यातल्या बायकांची गाणी त्यानं कान देऊन ऐकली आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले.

तुझा अल्बम 1992चा. तेव्हा सेझारियानं पन्नाशी ओलांडली होती. केप व्हर्ड बेटांवरच्या मिंदेलो बंदरात, बारमध्ये, खलाशांसमोर ती वर्षानुवर्षं गायली होती आणि बाहेरच्या जगाला तिचा पत्ता नव्हता. पुढे मोठमोठ्या रंगमंचांवरही ती अनवाणीच उभी राहायची. त्या बेटांवर पाऊस कमी, दुष्काळ नेहमीचा, म्हणून माणसं घर सोडायची. ‘सोदाद’ हे गाणं साओ तोमेच्या वाटेला लागलेल्यांचं आहे. तिथल्या कोकोच्या मळ्यांत मजुरीला माणसं जायची. एवढी माहिती हाताशी असली की पुरे. तुमच्या तालुक्यातली किती मुलं चोर्ला घाट उतरून गोव्याला कामाला जातात! त्यांतल्या एखाद्याच्या आईला हे गाणं ऐकव आणि ती काय म्हणते ते मला कळव.

फक्त सगळी गाणी एका बैठकीत ऐकू नकोस. लय बहुतेक ठिकाणी सारखी आहे, सलग ऐकलं की पुढची गाणी नुसतीच कानावरून जातात.

प्रश्न : मी निपाणीत शिक्षिका आहे. शास्त्रीय ऐकते, पण परदेशी वाद्यांचा गोंगाट सोसत नाही. सुरुवात कुठून करू?

बाई, ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’पासून करा. विश्वमोहन भट्ट मोहनवीणेवर (गिटारला जादा, आपोआप झणकारणाऱ्या तरफेच्या तारा लावून त्यांनीच केलेलं वाद्य), अमेरिकेचा राय कूडर स्लाइड गिटारवर, म्हणजे तारांवर नळी सरकवत वाजवायच्या गिटारवर. 1992मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या एका चर्चमध्ये दोघं बसले. त्याआधी एकमेकांबरोबर कधी वाजवलेलं नव्हतं. साथीला तबला, आणि कूडरचा किशोरवयीन मुलगा डुंबेक नावाच्या अरबी तालवाद्यावर. फक्त चार रचना आहेत. भट्टांच्या तरफेच्या तारा झणकारत असतात आणि कूडर मध्येच थांबतो, ऐकतो, मग एखादाच स्वर टाकतो. त्याच्या त्या थांबण्यासाठी मी हा अल्बम पुन्हा पुन्हा लावते. माझी आवड सरळ आहे : माणसांनी एका खोलीत समोरासमोर बसून वाजवलेलं मला हवं. आमच्या गल्लीतल्या भजनात टाळकरी बुवांच्या तोंडाकडे बघून ठेका बदलतो, तसं काहीतरी त्यात ऐकू आलं पाहिजे.

हे रुचलं की अमेरिकेतल्या माइल्स डेव्हिस या जाझ ट्रंपेटवादकाचा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. 1959चं न्यूयॉर्कमधलं ध्वनिमुद्रण, हेही एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओतलं. डेव्हिसनं वादकांच्या हातात फार थोडं लिहून दिलं होतं, मुख्यतः स्वरांच्या चौकटी. त्यातली पहिली रचना, ‘सो व्हॉट’, आमच्या गल्लीतल्या पेटीवाल्या काकांना ऐकवली. त्यांनी पेटी ओढली, स्वर चाचपले आणि म्हणाले, “हा तर काफी थाट की!” मधल्या भागात तोच थाट अर्धा स्वर वर चढतो आणि पुन्हा खाली येतो, हेही त्यांनीच वाजवून दाखवलं. तुम्ही शास्त्रीय ऐकता, तुम्हाला ही चढउतार पहिल्याच दिवशी सापडेल. गोंगाट कुठेच नाही. दोन स्वरांच्या मधली जागा रिकामी ठेवायची हिंमत डेव्हिसजवळ आहे.

प्रश्न : ‘ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब’चं सगळे एवढं कौतुक का करतात? मला ते हॉटेलात लावतात तसलं संगीत वाटतं. (अनगोळ)

हॉटेलवाल्यांनी ते लावून लावून तसं करून ठेवलंय, यात त्या म्हाताऱ्यांचा काय दोष? होय, हे पत्र वाचून मी जरा तापले.

1996च्या मार्चमध्ये क्यूबाच्या राजधानीत, हवानाच्या जुन्या एग्रेम स्टुडिओत हे झालं. मुळात आफ्रिकेतल्या माली देशाच्या वादकांना क्यूबनांबरोबर बसवायचं ठरलं होतं, पण मालीची मंडळी पोचलीच नाहीत. मग राय कूडरनं (हो, पुन्हा तोच) आणि निर्माता निक गोल्डनं हवानातली जुनी माणसं गोळा केली. इब्राहिम फेरेरचं गाणं सुटलं होतं, तो बूट पॉलिश करून पोट भरत होता. पियानोवादक रुबेन गोंझालेझच्या घरी पियानोच नव्हता. काँपाय सेगुंदो नव्वदीला टेकला होता. मोजक्या दिवसांत अख्खा अल्बम झाला आणि 1997मध्ये तो जगभर गेला.

आता माझं ऐका. अल्बममधलं पहिलंच, सर्वांत गाजलेलं गाणं सोडून द्या, ते तुमच्या कानांना बोथट झालंय. सरळ ‘पुएब्लो नुएवो’ लावा आणि गोंझालेझची बोटं ऐका. इतकी वर्षं वाद्यापासून लांब राहिलेला माणूस एकेक स्वर कसा हळुवार उचलतो! मग ‘वेंते आन्योस’मध्ये ओमारा पोर्तुओंदो गाते आणि खाली काँपायचा जाडसर आवाज तिला धरून असतो. मग ‘एल कारेतेरो’, माल पोचवायला निघालेल्या गाडीवानाचं गाणं. माझे आजोबा बैलगाडीनं सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचे. वाटेत गाडीवान काय गायचे ते मी ऐकलेलं नाही, पण या गाण्यात ती चाल मला दिसते.

एक तक्रार माझीही आहे. कूडरची स्लाइड गिटार काही जागी नको तिथे घुसते. सांता बार्बरात थांबणारा माणूस हवानात तेवढा थांबला नाही.

हे सगळं रात्री, एकट्यानं, खाणं न मागवता ऐका. तरीही हॉटेलच आठवलं तर मला पुन्हा लिहा, आपण भांडू.

प्रश्न : ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ आवडतो का? (टिळकवाडी)

निम्मा. ब्राझीलचा जोआओ जिल्बेर्तो कानाशी कुजबुजल्यासारखा गातो आणि स्टॅन गेट्झचा सॅक्सोफोन त्याच्यावर मोठ्यानं बोलतो. 1964च्या या अल्बमला मोठमोठे मान मिळाले, माझं मत त्यानं बदलत नाही. त्यापेक्षा जिल्बेर्तोचा 1973चा अल्बम घ्या. तो, त्याची गिटार आणि अगदी हलका ठेका, जवळजवळ एवढंच.

प्रश्न : कीथ जॅरेटचा ‘कलोन कॉन्सर्ट’ म्हणजे तासभर एकटा पियानो. कंटाळा येणार नाही? (संकेश्वर)

पहिला, सव्वीस मिनिटांचा भाग तेवढा ऐका. 24 जानेवारी 1975ला, जर्मनीतल्या कलोन शहरातल्या या मैफिलीत, जॅरेटला ठरलेला पियानो मिळाला नव्हता. जो मिळाला तो लहान, वरच्या पट्टीत किरकिरा, खर्जात अशक्त. मग तो बराचसा मधल्या सप्तकात राहिला आणि डाव्या हातानं तोच तो ठेका धरून बसला. ठरवलेलं काहीच नव्हतं, सगळं जागेवर सुचलेलं. मध्ये मध्ये तो स्वतःच हुंकारतो, ते मला फार आवडतं.

प्रश्न : चिकोडी भागात आमची शेती आहे. मोटारीला करंट रात्रीचा मिळतो, त्यामुळे उसाला पाणी पाजत रात्र जागून काढावी लागते. अशा वेळी ऐकायला काहीतरी सांगा, ताई.

दादा, तुमचं पत्र वाचून मला एकच नाव सुचलं. अली फारका तूरे, मालीतला, नायजर नदीकाठच्या नियाफुंके गावचा. 1994मध्ये राय कूडरबरोबर ‘टॉकिंग टिंबक्टू’ केला, ग्रॅमी मिळालं, जग बोलवायला लागलं आणि हा माणूस शेताकडे परतला. पुढच्या अल्बमसाठी तो गाव सोडेना, तेव्हा ध्वनिमुद्रणाचं सामानच गावात न्यावं लागलं. तिथे वीज नव्हती, म्हणून जनरेटर लावून काम केलं. दिवसाची शेतीची कामं उरकली की वाजवायला बसायचं. तो अल्बम 1999मध्ये आला आणि त्याचं नाव गावाचंच, ‘नियाफुंके’. नदीचं पाणी शेतात आणायचं काम त्यानं गाण्यापेक्षा कमी मानलं नाही. 2004मध्ये गावानं त्याला महापौर केलं, 2006मध्ये तो वारला.

गिटारवर तेच तेच फिरत राहणारं वळण आहे, घाई कसली नाही. पाणी सरीतून शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत तुम्हाला थांबायचंच असतं, तेवढ्या वेळात अल्बमची एक बाजू आरामात होईल. त्यानंतर ‘इन द हार्ट ऑफ द मून’ लावा. त्यात तूरेच्या गिटारबरोबर तुमानी दियाबातेचा कोरा, म्हणजे एकवीस तारांचं आफ्रिकी वाद्य आहे. दोघं मालीच्या राजधानीत, बामाकोच्या एका हॉटेलात बसले आणि फारशी तालीम न करता वाजवत गेले. पहाटे मोटार बंद केल्यावर बांधावर बसून ऐकायला तो जास्त चांगला.

आणि एवढं माझं ऐका. उसात इअरफोन घालू नका, पायाखाली जनावर असलं तर कळणार नाही. मोबाईल वरच्या खिशात ठेवा आणि स्पीकरवरच लावा.