साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन जायचंय: डिस्नी, युनिव्हर्सल की लेगोलँड?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा, उंची ९६ सेंटीमीटर, आजी-आजोबाही सोबत येणार, देश अजून पक्का नाही आणि पार्क कोणतं यावरून घरात तट पडलेत. माझं मत आधीच सांगून टाकते. युनिव्हर्सल या खेपेला नको. डिस्नी करायचं असेल तर किल्ला असलेलं मुख्य पार्क करा, पण मुक्काम असा हवा की दुपारी खोलीवर परतता येईल. आणि लेगोलँड किंवा त्याहूनही लहान एखादं पार्क तुमच्या वाटेवर असेल, तर मी पहिलं मत त्याला देईन.

उंचीचं आधी बघू, कारण त्यात वादाला जागा नाही. उंचीची अट म्हणजे धिटाईची परीक्षा नव्हे. मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यांवरून उतरणारी चौकट ठरावीक मापाच्या शरीरालाच नीट धरून ठेवते. मूल त्याहून लहान असलं तर मध्ये फट राहते. म्हणून दारावरचा कर्मचारी एक सेंटीमीटरसुद्धा सोडत नाही, आणि त्याने सोडूही नये. मॅजिक किंग्डममध्ये, म्हणजे फ्लोरिडातल्या डिस्नीच्या किल्ला असलेल्या पार्कात, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या रोलर कोस्टरला ९७ सेंटीमीटर लागतात. तुमचा मुलगा ९६. जाड तळव्याचे बूट घालून न्या असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा त्याला ती राइड आधीपासून दाखवून ठेवायचीच नाही, म्हणजे दाराशी रडारड होत नाही. त्याच पार्कातल्या बार्नस्टॉर्मर नावाच्या छोट्या रोलर कोस्टरला ८९ सेंटीमीटर पुरतात, तिथे तो ऐटीत बसेल.

आता हाच हिशोब सगळ्या पार्कला लावा. प्रत्येक पार्कच्या वेबसाइटवर राइडनिहाय उंची दिलेली असते. एका संध्याकाळी बसून त्याला चालणाऱ्या राइड मोजा. मॅजिक किंग्डममध्ये उंचीची अट असलेल्या राइड मोजक्याच आहेत: स्पेस माउंटनला ११२ सेंटीमीटर, ट्रॉनला १२२, अशा काही. बाकी डम्बो, पीटर पॅन, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, मेरी-गो-राउंड, आगगाडी हे सगळं कडेवरच्या बाळालाही खुलं आहे. युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचरमध्ये ज्यासाठी लोक जातात त्या राइडचे आकडे बघा: हल्कला १३७, व्हेलॉसीकोस्टरला १३०, हॅग्रिडच्या मोटारसायकलला १२२. लहानांसाठी तिथे स्यूस लँडिंग हा छान कोपरा आहे, पण कोपराच आहे. शिवाय युनिव्हर्सलचा बराच भर मोठ्या पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांवर असतो, आणि तो प्रकार या वयाला गरगरवणारा, नाहीतर घाबरवणारा. मुलगा सव्वाशे सेंटीमीटरचा झाला की युनिव्हर्सलसारखी मजा नाही. तोवर तिथे तो दिवसभर इतरांची वाट बघत बसेल.

पण उंचीच्या तक्त्यात भीती कुठेच लिहिलेली नसते, आणि साडेतिनाव्या वर्षी दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा भीतीनेच. हाँटेड मॅन्शन या डिस्नीच्या भुताच्या हवेलीच्या राइडला उंचीची अट नाही. अट नाही म्हणजे लहानांसाठी आहे असं समजून लोक पोरांना आत घेऊन जातात, आणि पोरं डोळे मिटून बसतात. माझी लेक या वयाची असताना अशाच एका अंधाऱ्या राइडच्या दाराशी माझ्या कमरेला मिठी मारून उभी राहिली, काही केल्या पुढे येईना. आणि तीच पोरगी उघड्यावरच्या छोट्या रोलर कोस्टरवर पुन्हा पुन्हा बसायला मागत होती. यात विसंगती काही नाही. वेग आणि चढउतार मुलाला समोर दिसतात, संपतात कुठे तेही दिसतं. अंधारात पुढच्या वळणावर काय आहे ते दिसत नाही, आणि या वयात खरं-खोटं यांतली रेघ अजून पुसट असते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमधली स्नो व्हाइटची राइड या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिच्यातली चेटकीण मुलांना इतकी घाबरवायची की १९८३ मध्ये राइडच्या नावातच 'स्केअरी' शब्द घातला गेला. २०२१ मध्ये ती बरीच सौम्य करून नव्या नावाने उघडली. परीकथा म्हटलं की सौम्यच असणार, हे गृहीत धरू नका.

यावर एक साधा उपाय आहे. जवळपास प्रत्येक राइडचे, बसलेल्या माणसाच्या नजरेतून घेतलेले व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. आधी तुम्ही एकटे बघा, मग त्याच्यासोबत बघा. तो 'परत लाव' म्हणाला तर ती राइड यादीत घ्या. उठून दुसऱ्या खोलीत गेला तर वगळा, समजूत घालू नका. अंगभर पोशाख घातलेल्या पात्रांचंही तसंच. पडद्यावरचा मिकी वीतभर असतो, समोर येतो तो बाबांएवढा, मोठ्या डोक्याचा आणि न बोलणारा. लांबून हात हलवू द्या. फोटोसाठी पुढे ढकलू नका. फटाक्यांची आतषबाजी उशिरा असते आणि आवाज छातीत घुमतो. ती बघायचीच असेल तर किल्ल्यापासून लांब उभे राहा आणि कानांवर लावायचे हेडफोनसारखे मफ घेऊन जा. स्वच्छतागृहातला हात सुकवायच्या यंत्राचा आवाजही काही मुलांना राइडपेक्षा भयंकर वाटतो. हसू नका, तुमचा त्यातला असेल तर दिवसभर त्रास होतो.

दुसरा मोठा मुद्दा दुपारच्या झोपेचा. मुलगा अजून दुपारी झोपत असेल तर पार्कपेक्षा पार्क ते खाट हे अंतर महत्त्वाचं. फ्लोरिडाचं वॉल्ट डिस्नी वर्ल्ड सुमारे १०० चौरस किलोमीटरवर पसरलंय. चार पार्क एकमेकांपासून लांब आहेत. मॅजिक किंग्डमला स्वतःची गाडी घेऊन गेलात तर गाडी लावल्यावर मोनोरेल किंवा बोटीने तळं ओलांडून मग दार येतं. झोपेला आलेलं मूल खांद्यावर टाकून हाच प्रवास उलटा करायचा, तेही आजी-आजोबांना सांभाळत. मोनोरेलवरच्या हॉटेलात उतरलात तर गोष्ट वेगळी. त्याउलट कॅलिफोर्नियातलं अॅनाहाइम. १९५५ चं मूळ डिस्नीलँड आटोपशीर आहे, दुसऱ्या पार्कचं दार त्याच्या अगदी समोर आहे, आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलांतून चालत येता येतं. म्हणून अमेरिकाच ठरली तर लहान मुलासाठी मी फ्लोरिडापेक्षा अॅनाहाइम सुचवते, जरी आपल्याकडच्या गप्पांत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचाच बोलबाला असला तरी.

फ्लोरिडातच जाणार असाल तर त्या चारांपैकी एपकॉट या पार्कला या खेपेला सुट्टी द्या. तिथला देशोदेशींच्या मंडपांचा तळ्याभोवतीचा फेराच जवळजवळ दोन किलोमीटर भरतो. आणि उन्हाळ्यात जाऊ नका. दुपारी विजांचा पाऊस हमखास, विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राइड बंद, आणि त्या लहानांच्याच जास्त असतात.

आशियात बघत असाल तर हाँगकाँगचं डिस्नीलँड (२००५) या वयाला मला सगळ्यांत सोयीचं वाटतं. आकाराने लहान, आणि मेट्रो थेट दारापर्यंत. टोकियोचं डिस्नीलँड (१९८३) देखणं आणि अतिशय नीटनेटकं आहे, पण तिथल्या रांगा मोठ्यांचाही धीर बघतात. शेजारचं डिस्नीसी मोठ्यांना वेड लावणारं आहे. साडेतीन वर्षांच्या मुलासाठी दोन्हींपैकी एकच करायचं तर डिस्नीलँडच करा. एक व्यवहाराची गोष्टही: अमेरिका, पॅरिस आणि हाँगकाँगच्या डिस्नीत तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, टोकियोत मात्र चार वर्षं पूर्ण होईपर्यंत लागत नाही. म्हणजे तुमचा मुलगा टोकियोत अजून फुकट जाईल. अर्थात तेवढ्यासाठी जपान गाठू नका.

लेगोलँडबद्दल. ही पार्क मुळातच दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आखलेली असतात, त्यामुळे तिथे लहान मुलासाठी एक कोपरा आणि बाकी मोठ्यांचं असा प्रकार नाही. पहिलं डेन्मार्कच्या बिलुंडमध्ये १९६८ साली उघडलं. आता ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, मलेशिया, दुबई, जपान अशी बरीच आहेत. खरं सांगायचं तर लेगोलँडचं सोन्याचं वय पाच ते आठ. तरी साडेतीनला डुप्लोचा (लहानग्यांसाठीच्या मोठ्या लेगो विटांचा) भाग, पाण्याचे खेळ, लेगोच्या विटांनी रचलेली छोटी शहरं आणि हातांनी काहीतरी बांधायच्या जागा यांवर दिवस सहज निघतो. हातांनी करायला काही मिळालं की रांगेतला कंटाळाही बराच उतरतो. फ्लोरिडाच्या लेगोलँडला लागूनच २०२२ पासून पेपा पिगचं वेगळं पार्क आहे, आणि इंग्लंडमध्ये हॅम्पशायरच्या पॉल्टन्स पार्कात २०११ पासून पेपाचा विभाग आहे. तुमच्या घरी ती गुलाबी डुकरीण रोज टीव्हीवर असेल तर पुढचं काही वाचू नका, तिकडेच जा. चिखलात उड्या मारणाऱ्या पेपाचं घर 'खरंच' दिसणं, याच्यापुढे या वयात कुठलाही किल्ला फिका.

युरोप असेल तर मी नेदरलँड्सचं एफ्टेलिंग सांगेन, हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. १९५२ मध्ये अँटोन पीक या चित्रकाराच्या रेखाटनांवरून तिथे परीकथांचं एक वन उभारलं गेलं. झाडांतून चालत जायचं आणि वाटेत एकेक गोष्ट भेटत जाते. रांग जवळपास नाहीच, वेग मुलाचा. तिथे होले बोले खाइस नावाचे जाड्या माणसाच्या आकाराचे कचऱ्याचे डबे आहेत. ते 'कागद इकडे' असं ओरडतात, कागद तोंडाशी नेला की ओढून घेतात आणि आभार मानतात. पोरं कागद शोधत फिरतात. कोट्यवधी खर्चून उभारलेल्या राइडशेजारी कचऱ्याच्या डब्यापुढे गर्दी! या वयाचं मूल कशात रमतं हे त्या पार्कवाल्यांना कळलंय, आणि पार्क निवडताना मी नेमकं हेच बघते: राइड नसतानाच्या वेळात तिथे पोराला काय आहे? पाण्याची कारंजी, चढायच्या जाळ्या, सावलीतली हिरवळ, बदकं. नकाशावर हे दिसलं नाही तर मी ते पार्क पुढे ढकलते.

आजी-आजोबांमुळे तुमचं काम सोपं होणार आहे, पण ते मोफत पाळणाघर नव्हेत, हेही घरात आधी बोलून घ्या. डिस्नी आणि युनिव्हर्सलमध्ये मूल बसू शकत नाही अशा राइडसाठी पालकांना आलटून पालटून बसायची सोय असते: एक जण राइडवर, दुसरा मुलासोबत, मग अदलाबदल, आणि पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. दाराशी कर्मचाऱ्याला विचारायचं फक्त. बाबागाडी घ्याच, तुमचा मुलगा एरवी कितीही चालत असला तरी. डिस्नीच्या काही पार्कांत भाड्याच्या गाड्या कडक प्लॅस्टिकच्या असतात, त्यांत झोप नीट लागत नाही. पाठ आडवी होणारी स्वतःची नेलेली बरी. डिस्नीच्या पार्कांत बेबी केअर सेंटर असतं. ते फक्त तान्ह्या बाळांसाठी नाही, शांत आणि थंड जागा हवी असेल तेव्हा तिथे जा.

दिवसाची आखणी म्हणाल तर दार उघडायच्या आधी पोहोचा, पहिल्या दोन तासांत त्याच्या आवडीच्या राइड करा, ऊन चढलं की बाहेर पडा. संध्याकाळी उत्साह उरला तर परत या, नाही उरला तर नका येऊ.

राहिला तुमच्या घरातला युनिव्हर्सलचा गट. त्यांना एक दिवस वेगळा द्या आणि खुशाल जाऊ द्या. मुलाला त्या दिवशी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर आजी-आजोबांसोबत तुमच्यापैकी एक जण ठेवा. तलावात उतरायचं तर त्याच्यावर सतत डोळा ठेवणारं, पोहता येणारं मोठं माणूस हवंच, म्हणून नुसत्या आजी-आजोबांवर तो दिवस सोडू नका.