माल मोकळा, माणूस अडकलेला

प्रश्न: जग एक गाव झालं असं गेली तीस वर्षं ऐकतोय, मग सीमेवरची कुंपणं का वाढतायत? आणि बाहेरून येणारी माणसं थांबवली की देशाचं सार्वभौमत्व परत येतं का?

उत्तर: याचं उत्तर शोधायला मी नेहमी १९९४ सालाकडे जातो. १ जानेवारीला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा करार लागू झाला, म्हणजे माल आणि भांडवलाला रस्ता मोकळा, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने मेक्सिकोला लागून असलेल्या सॅन दिएगोच्या सीमेवर ऑपरेशन गेटकीपर नावाची मोहीम सुरू करून माणसांचा रस्ता आवळला. पुढे काय झालं? अमेरिकी सबसिडीवर पिकलेला स्वस्त मका मेक्सिकोत येऊन पडायला लागला, भाव घसरले, छोट्या शेतकऱ्याला शेती परवडेना, मग तो मका जिकडून आला तिकडेच कामाला निघाला. त्याच्या पिकावर बेतेल अशी व्यवस्था कायदेशीर आणि तो मात्र बेकायदेशीर, हे मला आजही पचत नाही.

बरं, कुंपणाने लोक थांबले का? आधी बरेच मजूर हंगामापुरते जायचे आणि घरी परतायचे. सीमा ओलांडणं महाग आणि जिवावरचं झाल्यावर एकदा पोचलेला माणूस परत जायला धजेना, उलट बायकापोरांनाच बोलवून घ्यायला लागला. अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहणारे १९९० मध्ये साधारण ३५ लाख होते ते २००७ पर्यंत १ कोटी २० लाखांच्या पुढे गेले. सगळं कुंपणामुळेच झालं असं नाही, तिकडे कामाला हात हवेच होते, पण कुंपणाने माणसं बाहेर ठेवण्यापेक्षा आत अडकवली जास्त.

आता सार्वभौमत्व. ५ जुलै २०१५ ला ग्रीसच्या ६१ टक्के मतदारांनी कर्जाच्या अटींना 'नाही' म्हटलं आणि आठवड्याभरात त्यांच्याच सरकारला त्याहून कडक अटी मान्य कराव्या लागल्या. तो निर्णय कुणा निर्वासिताने फिरवला नव्हता, कर्ज देणाऱ्यांनी फिरवला होता. पण कर्ज देणारा सीमेवर उभा दिसत नाही, माणूस दिसतो, म्हणून सरकारं आपली ताकद माणसावर दाखवतात. ब्रिटनने २०१६ मध्ये 'कंट्रोल परत घ्या' म्हणत युरोपियन युनियन सोडायचा कौल दिला, कंट्रोल मिळालाही, आणि २०२२-२३ मध्ये निव्वळ स्थलांतर आधीपेक्षा कितीतरी वाढलं, कारण हॉस्पिटलं आणि वृद्धांची काळजी घेणारी केंद्रं चालवायला माणसं हवी होती, युनिव्हर्सिट्यांना परदेशी विद्यार्थ्यांची फी हवी होती आणि शिवाय युक्रेन, हाँगकाँगच्या लोकांना आसरा दिलेला होता. व्हिसे ब्रिटनच्याच सरकारने दिले. माझ्या मते सार्वभौमत्व असेल तर ते इथे आहे, आपल्याला कोण हवंय हे उघडपणे ठरवण्यात आणि ते आपल्याच लोकांना खरं सांगण्यात.

प्रश्न: पण एवढे परके आले की देशाची ओळख पुसली जात नाही का?

उत्तर: ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. शेजारी बदलले, भाषा बदलली की जुन्या माणसाला आपल्याच गल्लीत एकटं वाटतं, ते खरं दुखणं आहे. पण ओळख घट्ट ठेवायच्या नादात काय होतं ते जर्मनीत बघा. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून मजूर बोलावले, दोन वर्षं काम करा आणि परत जा या हिशोबाने. त्यांना नाव दिलं 'पाहुणे कामगार'. पण शिकवून तयार केलेला कामगार कारखान्यांना दर दोन वर्षांनी सोडवेना, ती अट मागे पडली. १९७३ मध्ये भरती बंद केली, तर आता गेलो तर परत येता येणार नाही म्हणून लोक तिथेच राहिले, कुटुंबं आणली. त्यांची मुलं तिथल्या शाळेत गेली, जर्मन बोलली, पण १ जानेवारी २००० पर्यंत तिथे जन्मूनही ती आपोआप नागरिक होत नव्हती. मग त्या मुलांनी आपलं काय म्हणायचं? नागरिकत्व घ्यायचं तर सहसा आईबापाच्या देशाचं सोडावं लागायचं. ती अट जून २०२४ मध्ये उठली, तोपर्यंत पहिल्या मजुरांची नातवंडंसुद्धा मोठी झाली होती.