गोल्फच्या राउंडआधी आखलेली योजना खेळताना बदलावी का?

एखादा फटका बिघडला म्हणून तरी अजिबात बदलू नका. योजना शांत डोक्याने ठरलेली असते. डबल बोगीनंतरचं (पारपेक्षा, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, दोन जास्त लागल्यावरचं) डोकं फक्त भरपाई शोधत असतं. यासाठी 2007 ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा बघा. झॅक जॉन्सन फार लांब मारणारा नव्हता, म्हणून पार-5 होलवर (जिथे पाच फटके अपेक्षित असतात) दुसऱ्या फटक्यात ग्रीन (झेंड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत) गाठायच्या फंदातच पडायचं नाही, असं त्याचं ठरलं होतं. चार दिवसांत सोळा वेळा ती संधी आली, सोळाही वेळा तो ग्रीनच्या अलीकडे थांबला आणि पुढचं काम वेजवर (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबवर) सोपवलं. पार-5 वर तो 11 अंडर, म्हणजे पारपेक्षा 11 फटके कमी, राहिला. एकूण स्कोअर 289, म्हणजे 1 ओव्हर, तरीही दोन फटक्यांनी जिंकला, आणि मागे राहिलेल्यांत टायगर वुड्सही होता!

आपल्यासारख्यांनी प्रत्येक होलसाठी इतकंच लिहून न्यावं:
- टीवरून (पहिल्या फटक्याच्या जागेवरून) कोणता क्लब
- कोणत्या बाजूला चुकलं तर चालेल
- थांबायचं तर किती यार्डांवर

मात्र वारा फिरला किंवा स्कोअरचं गणित बदललं, तर योजनाही बदलायला हवी. 1999 च्या ओपन स्पर्धेत कार्नूस्टी मैदानाच्या शेवटच्या होलवर जाँ व्हान द व्हेल्दला जिंकायला सहा फटकेही चालले असते. तरी त्याने टीवर ड्रायव्हरच (सर्वांत लांब मारणारा, पण जोखमीचा क्लब) काढला, पुढे चेंडू ओढ्यात गेला, सात फटके लागले आणि प्लेऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा खेळात) तो हरला.